कव्हरवर ताई कुठे बघते

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही.

हे माझ्या सख्ख्या बहिणीचं आणि माझं आहे. बहीण अजून आहे, अजून गाते आहे. हे फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून मी कुणाचंच नाव लिहिणार नाही, गावाचंही नाही. बाकी जे घडलं ते तसंच्या तसं लिहितोय.

भुताखेताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही भर दुपारी सुरू झाली. एका ऑफिसच्या वरच्या मजल्यावर, दिव्यांच्या लख्ख उजेडात, टेबलावर चहाचे कप असताना.

मी संगीताच्या एका मासिकात नोकरी करतो. काम म्हणजे फोटो साफ करणं. फोटोग्राफरने काढलेला फोटो माझ्या कॉम्प्युटरवर येतो, मी त्यातले डाग, सुरकुत्या, घामाचे ओघळ, विस्कटलेले केस काढतो आणि मग तो छापायला जातो. लोकांना वाटतं, कलाकार असेच दिसतात. कुणीच असं दिसत नाही.

कव्हरवरचे फोटो तुम्ही कधी नीट बघितलेत? बासरीवाला बासरी ओठांना लावत नाही, गालाशी धरतो. ओठांना लावली की तोंडाचा चंबू होतो. ड्रमवाल्याचे हात नेहमी हवेत. गिटारवाला गिटार अशी कवटाळून बसतो, जणू कुणी हिसकावून नेणार आहे. आणि गाणाऱ्या बाईचं तोंड मिटलेलं असतं, फार तर किंचित उघडं. पूर्ण उघडलं तर दाढा दिसतात. इतकी वर्षं मी हे काम करतोय, पण एकही गायिका मी कव्हरवर गाताना बघितलेली नाही.

हे सगळीकडेच असतं. आमच्या मासिकाचा मात्र आणखी एक नियम आहे, तो फक्त आमचा.

जिवंत कलाकार कव्हरवर सरळ कॅमेऱ्यात बघतो. वारलेला कलाकार बाजूला बघतो.

पहिल्या संपादकांनी सुरू केलं म्हणतात. का, ते कुणालाच माहीत नाही. पण वाचकांना त्याची इतकी सवय झाली आहे की नवा अंक स्टॉलवर लागला की लोक आधी डोळे बघतात. नजर बाजूला असली की चुकचुकतात, "अरेरे, हेही गेले का!" ऑफिसात तर त्यावरून थट्टाच चालते. कुणी आजारी रजेवर असलं की फोन करून विचारतात, "काय रे, अजून समोरच बघतोयस ना?"

तर अशा मासिकात माझ्या ताईचं कव्हर ठरलं.

ताईबद्दल थोडं सांगावं लागेल. बाबा आधीच गेले होते. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो आणि ताई कॉलेजात. ती गायची. बक्षिसं आणायची, पुढे मोठी गायिका होणार असं सगळे म्हणायचे. मला वाढवायचं होतं म्हणून तिने गाणं गुंडाळून ठेवलं आणि एका शाळेत संगीत शिकवायची नोकरी धरली. तिने हे कधी बोलून दाखवलं नाही. मीही कधी विषय काढला नाही.

घरात मात्र ती सतत गुणगुणायची. भांडी घासताना, माझ्या शर्टाला इस्त्री करताना, मला ताप आला की उशाशी बसून. आईचा आवाज मला आठवत नाही. ताईचा आवाज हाच माझ्यासाठी आईचा आवाज होता.

पन्नाशी उलटल्यावर तिने जुन्या विद्यार्थ्यांच्या आग्रहाखातर काही गाणी रेकॉर्ड केली. साथीला फक्त पियानो. ती गाणी लोकांना आवडली, अगदी अचानक. एका मोठ्या हॉलच्या आयोजकांचा फोन आला. म्हणाले, "मैफल करू, पण आधी मासिकाचं कव्हर होऊ द्या. कव्हर निघालं की तिकिटं जातात. नाहीतर या वयात पहिल्यांदा गाणाऱ्या बाईंना ऐकायला कोण येणार?"

आमच्या संपादक मॅडमनी गाणी ऐकली आणि लगेच हो म्हणाल्या. माझा वशिला नव्हता, हे इथेच सांगून टाकतो.

ताईला मी फोनवर सांगितलं. ती कितीतरी वेळ नुसती हसत होती.

फोटोचा दिवस आला.

स्टुडिओ ऑफिसच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथे मुलाखतीही रेकॉर्ड होतात, म्हणून खिडक्या बंद आणि भिंतींना जाड फोम. दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की डाव्या हाताला छतापासून जमिनीपर्यंत एक काळा पडदा आहे. त्याच्यामागे भिंत आणि भिंतीला टेकवलेले दिव्यांचे स्टँड.

आमच्या फोटोग्राफरना सगळे फ्लॅशकाका म्हणतात. माणूस चांगला, तोंड फाटकं.

"बसा. हनुवटी खाली. अजून... बास. आता माझ्याकडे बघा," काका म्हणाले. "आता गायला लागणार, असं समजा. पण गाऊ नका हं!"

"गाऊ नको? मग मला बोलावलंत कशाला?" ताई म्हणाली.

"गाताना माणूस चांगला दिसत नाही हो. कपाळाला आठ्या, मानेच्या शिरा ताणलेल्या. मला गाण्याच्या अगदी आधीचा चेहरा पाहिजे. श्वास घ्या आणि थांबा."

ताईने श्वास घेतला... आणि थांबली.

क्लिक.

पुन्हा श्वास... थांबली.

क्लिक.

"बारक्या, असं अर्ध्यात थांबवलं ना, की पोटात गोळा येतो रे," ती मला म्हणाली. बारक्या म्हणजे मी. चाळिशी ओलांडली तरी तिच्यासाठी बारक्याच.

"थोडा वेळ सहन कर गं," मी म्हणालो.

तिने पुन्हा श्वास घेतला.

आणि त्याच वेळी... डावीकडूनही एक श्वास आला.

खोल. सावकाश. सूर लावायच्या आधी गाणारं माणूस घेतं, तसा. मी गाणाऱ्या बहिणीच्या हाताखाली वाढलोय. हा श्वास मला झोपेतही ओळखू येईल.

मी डावीकडे बघितलं.

काळा पडदा आत ओढला गेला होता... भिंतीच्या दिशेने. मागून कुणीतरी हवा ओढून घ्यावी, तसा.

मग तो सैल पडला.

पुढे सूर आला नाही.

"काका, एसी चालू आहे का?"

"बंद आहे. आवाज करतो म्हणून बंदच असतो. का रे, उकडतंय?"

मी उठून पडदा बाजूला केला. स्टँड होते. भिंत होती. बाकी काही नव्हतं.

"काय शोधतोयस?" ताईने विचारलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. काकांनाही नाही.

"काही नाही," मी म्हणालो.

काकांनी कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर फोटो दाखवले. मी एकेक करून सगळे बघितले. प्रत्येक फोटोत ताई समोर बघत होती. अगदी सरळ. हे मी शपथेवर सांगू शकतो.

ताई पण स्क्रीनकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बारक्या, माझा एखादा फोटो मला आवडलाय, असं पहिल्यांदाच झालंय रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाइल उघडली.

निळा पोशाख. मागे करडा रंग. ओठ किंचित उघडे.

नजर डावीकडे होती...

फार नाही, अगदी थोडी. पण रोज डोळे, नाक, कानच बघत बसणाऱ्या माणसाला एवढंही लगेच दिसतं. मी दुसरा फोटो उघडला, तिसरा उघडला. काकांनी काढलेले सगळे उघडले. सगळ्यांत तेच. ताई कॅमेऱ्याच्या डावीकडे बघत होती, काळ्या पडद्याकडे.

मी काकांना खाली बोलावलं.

"काका, ही कुठे बघतेय?"

"कुठे म्हणजे? कॅमेऱ्यात."

"नीट बघा."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनला नाक लावलं. "तुझ्याकडेच बघतेय की राजा. काल झोपला नव्हतास का?"

मला वाटलं, माझी फिरकी घेतायत. चिडूनच मी त्यांना वर पाठवलं. नंतर वाटलं, आपलेच डोळे थकले असतील. पण कव्हरचा प्रश्न होता, तोही ताईच्या. बाजूला बघणारी ताई मी छापायला पाठवूच शकत नव्हतो.

बुबुळं हलवणं अवघड नसतं. कापायची, केसभर उजवीकडे सरकवायची, मागे राहिलेला पांढरा भाग भरून काढायचा. मी केलं. ताई समोर बघायला लागली, माझ्या डोळ्यांत. मला बरं वाटलं.

फाइल बंद केली...

आणि माझ्या मागे कुणीतरी श्वास घेतला.

खोल. सावकाश.

मी मागे वळलो. माझी खुर्ची भिंतीला टेकलेली असते. माझ्या मागे कुणी उभं राहील एवढी जागाच नाही.

अंक निघायच्या आधी आम्ही कव्हरची पोस्टरं छापतो. स्टॉलवर, वाद्यांच्या दुकानांबाहेर लावतो. मी दुरुस्त केलेल्या फोटोचीच पोस्टरं छापली गेली आणि एका सकाळी गावभर लागली.

जेवणाच्या सुट्टीआधीच ऑफिसचा फोन वाजायला लागला.

"केव्हा गेल्या हो? कळलंच नाही. परवाच तर त्यांची गाणी ऐकली."

मी म्हणालो, काहीतरी गैरसमज झालाय. फोन ठेवला, लगेच दुसरा आला. मग तिसरा. एक बाई तर रडतच होत्या.

मी ताईला फोन लावला. तिने उचलेपर्यंत मी रिंगा मोजत होतो.

"बारक्या, अरे इथे काय गंमत झालीय!" ती हसत होती. "शेजारच्या बाई फुलं घेऊन आल्या. मी दार उघडलं तर किंचाळल्याच. मी मेलेय म्हणे! त्यांना पाणी प्यायला दिलं, बसवलंय आत. फुलं छान आहेत पण. पाण्यात ठेवलीत."

मला हसू येईना.

"आणि आयोजकांचा फोन येऊन गेला," तिचं हसू जरा कमी झालं. "विचारत होते, श्रद्धांजलीची मैफल केली तर घरच्यांची हरकत नाही ना. मीच फोन उचलला होता. त्यांना पटेचना मी बोलतेय ते... तुमच्या पोस्टरवर काही चुकलंय का रे?"

मी काही बोलायच्या आत मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पोस्टर पसरलेलं होतं.

"स्वतःच्या बहिणीचं असं करतात का रे?" मॅडम म्हणाल्या. त्या ओरडत नव्हत्या, म्हणून जास्त लागलं.

"काय केलं मी?"

"नजर बघ तिची. उजवीकडे सरकवलीयस. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो, ते तुला मी सांगायचं?"

मी पोस्टर बघितलं. ताई सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती.

मॅडमनी शेजारी काकांचा मूळ फोटो ठेवला, मी हात न लावलेला. "आणि हा बघ. किती सुंदर सरळ बघतेय! याला कशाला हात लावलास?"

त्या फोटोत ताई डावीकडे बघत होती. पहिल्या दिवसापेक्षा जास्त. आता हनुवटीही थोडी वळली होती...

तेव्हा मला कळलं. सगळ्यांना जी समोर दिसत होती, ती एकट्या मला बाजूला दिसत होती. आणि मी जी माझ्याकडे वळवून घेतली, ती सगळ्यांसाठी मेली होती.

भीती वाटली असं मी म्हणणार नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं झालं. काहीच वाटेनासं झालं. ते इंजेक्शन अजून उतरलेलं नाही.

"डोळे दुखतायत मॅडम. चुकून झालं," मी म्हणालो.

"पोस्टरं उतरवायला लावते. कव्हरला हा मूळ फोटो जाऊ दे. चालेल ना?"

चालेल ना... मला विचारत होत्या. पुन्हा फोटो काढायचा म्हटलं तर अंक लांबला असता आणि मैफलीची तारीख गेली असती. आयोजक आधीच बिथरले होते. मी सरकवलेली नजर छापली तर ताईचं गाणं सुरू व्हायच्या आधीच संपलं असतं. मूळ फोटो छापला तर... माझ्यापुरतं काय होईल, ते मला माहीत नव्हतं. पण या मासिकात बाजूला बघणाऱ्या माणसाचा अर्थ काय होतो, ते माहीत होतं.

"चालेल," मी म्हणालो.

फाइल छापखान्याला पाठवायचं काम माझंच. मी बटण दाबलं.

कानाशी श्वास आला... अगदी कानाशी. मी वळून बघितलंसुद्धा नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, तुमच्या वयाला एवढी चांगली नजर क्वचित असते.

अंक बाजारात आला. मी मुद्दाम स्टॉलजवळ जाऊन उभा राहिलो. एक बाई मैत्रिणीला दाखवत होती, "कशी बघतेय बघ ना. जिकडे सरकू तिकडे आपल्याकडेच!"

मला ताईचा गाल दिसत होता. कान आणि कानातली कुडी दिसत होती.

तो श्वास आता घरीही येत होता. दिवसाढवळ्या. आंघोळ करताना, डबा भरताना, पेपर वाचताना. खोल श्वास यायचा... मी वाट बघायचो... आणि पुढे काही यायचं नाही. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तूच हल्ली फार उसासे टाकतोस."

मैफलीच्या आदल्या दिवशी दुपारी मी ताईकडे गेलो. तिला सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. मैफल रद्द कर, काहीतरी बरोबर नाहीये, असं.

ती रियाज करत होती. मी दारातच उभा राहिलो. आवाज येत होता. स्वच्छ, भरलेला, माझा ओळखीचा. मी आत जाऊन खुर्चीवर बसलो. तिला समोरून बघितलं तर तीही नेहमीसारखीच माझ्याकडे बघत होती. जे काही होतं ते फक्त फोटोत होतं.

"काय रे, तोंड का उतरलंय?" तिने विचारलं.

"ताई... उद्याचं..."

"उद्याचं काय सांगू तुला," ती मध्येच म्हणाली. "चारदा साडी ठरवली आणि बदलली. पण बारक्या, एवढं एकदा होऊ दे. मग मेले तरी चालेल."

"असं बोलू नकोस."

"बरं बाबा, नाही बोलत. बस, तुला गाऊन दाखवते."

मी संध्याकाळपर्यंत बसलो. तिने सगळी गाणी म्हटली. लहानपणी मला ताप आला की जे गुणगुणायची, तेसुद्धा म्हटलं. मी तिला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला होता. मी आणि बायको पहिल्या रांगेत. ताई स्टेजवर आली, माइकसमोर उभी राहिली. समोर बघितलं, मला शोधलं आणि हसली.

पियानो सुरू झाला.

ताईने श्वास घेतला. तो मी ऐकला.

तिने तोंड उघडलं...

आणि काहीच आलं नाही.

मला वाटलं, माइक बिघडला. मी उठणार होतो. पण कुणीच हललं नाही. पियानो वाजत होता, तिच्या बरोबरीने, एकेका सुराला धरून. मी बाजूला बघितलं. बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पलीकडच्या आजोबांनी डोळे मिटले होते आणि त्यांचं डोकं हळूहळू डोलत होतं.

ताईच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. कपाळाला आठ्या होत्या. ती गात होती.

गाण्यात एक जागा आहे. तिथे पियानो थांबतो आणि नुसता तिचा आवाज राहतो. मला ती पाठ होती. पियानो थांबला. मला पलीकडच्या आजोबांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. कुणाची तरी खुर्ची करकरली. एवढंच. मग पियानो पुन्हा सुरू झाला आणि मागच्या रांगांतून दाद आली.

टाळ्या ऐकू आल्या. मीही वाजवल्या.

मैफल संपल्यावर ती आतल्या खोलीत माझ्या गळ्यात पडली. मग दोन्ही हातांनी माझे खांदे धरले आणि काहीतरी म्हणाली. नुसते ओठ हलले. मी ओठांवरून ओळखलं... कसं झालं रे?

"मस्त झालं ताई," मी म्हणालो. "फारच मस्त."

कानांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलोय. मला सगळं ऐकू येतं. नळ गळताना, कुत्रं भुंकताना, वरच्या मजल्यावर कुणी चप्पल ओढत चालताना. फक्त ताई ऐकू येत नाही. तिची रेकॉर्ड केलेली गाणी लावली तर नुसता पियानो वाजतो. तिचा आवाज आठवायला बसलो तर शब्द आठवतात, तिचं तोंड आठवतं. आवाज आठवत नाही. आईचा आठवत नव्हताच, आता हाही नाही.

तो दुसरा श्वास मात्र त्या दिवसापासून बंद झाला. ज्याला जे पाहिजे होतं ते मिळालं असावं. कोण होतं, का होतं, आणि मलाच का, ते मला माहीत नाही.

बायकोने ते कव्हर फ्रेम करून आमच्या हॉलमध्ये लावलंय. रोज पुसते आणि म्हणते, "बघ कशा आपल्याकडे बघतायत ताई." मला केसांचा अंबाडा दिसतो.

मी ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. लोक म्हणतील, सांगून टाकायचं ना. पण मला माझी ताई माहीत आहे. तिला कळलं की माझं असं झालंय, तर ती दुसऱ्या दिवशी गाणं बंद करेल. तिने माझ्यासाठी एकदा सोडलंय. आता तिच्या गावोगावी मैफली होतात आणि प्रत्येक ठिकाणाहून आली की ती दहा वर्षांनी लहान दिसते.

समोरासमोर जमतं. ओठ बघून अंदाज येतो. फोनवर मात्र पंचाईत होते. व्हिडिओवर आपण वाईट दिसतो म्हणून ती साधाच फोन करते. मी फोन कानाला लावतो आणि मधूनमधून "हं" म्हणतो. इतके दिवस खपून गेलं.

गेल्या रविवारी मी आंघोळीला गेलो असताना तिचा फोन बायकोने घेतला. मी बाहेर आलो तर बायको माझ्याकडे वेगळंच बघत होती.

"ताई रडत होत्या फोनवर," ती म्हणाली. "म्हणाल्या, काहीही सांगितलं तरी हा नुसता हं म्हणतो. परवा डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलं, ते सांगितलं तरी हं म्हणाला. तू रागावलायस का त्यांच्यावर?"

"डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"ते मला नाही सांगितलं. म्हणाल्या, त्याला सांगितलंय."

मी ओल्या केसांनीच फोन लावला. रिंग थांबली, म्हणजे तिने उचलला असणार.

"ताई, मी नाही गं रागावलो," मी म्हणालो. "तुझ्यावर कशाला रागावेन? डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सांग ना. सगळं नीट सांग."

मग मी थांबलो. फोन कानावर इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. तिच्या घराबाहेरून एक गाडी गेली. कपात चमचा ठेवल्याचा आवाज आला. ती सांगत असणार. सगळं, नीट, मी म्हटलं तसं. मध्येच काही विचारतही असेल.

किती वेळ थांबायचं ते कळेना. बायको समोर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती.

शेवटी मी अंदाजाने म्हणालो, "हं."